छोट्या लाईनचे पूल पाडण्याआधी मोजून घ्या : रेल्वे प्रशासनास खुले पत्र

प्रति,
रेल्वे प्रशासन, नागपूर,
तसेच नागपूर–नागभीड मार्गाच्या रुंदीकरणाच्या कामावरील सर्व अभियंते यांस,

विषय : नॅरोगेज मार्गावरील लहान पुलांची मोजमापे नोंदवून ठेवणे आणि निदान एक पूल जागेवर राखणे.

महोदय,

इतवारीहून निघून कुही, उमरेड, भिवापूर करीत नागभीडला पोहोचणारी नॅरोगेज लाईन १९०८ साली सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. जवळपास १०६ किलोमीटरचा हा मार्ग ब्रॉडगेज व्हावा ही या पट्ट्यातल्या लोकांची जुनी मागणी होती आणि माझीही होती, त्यामुळे हे पत्र रुंदीकरणाविरुद्ध आहे असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. माझा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. या लाईनखाली नाल्या-ओढ्यांवर जे छोटे पूल आणि मोऱ्या होत्या आणि काही अजून आहेत, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. मोठ्या लाईनच्या कामात त्यांतले बहुतेक पाडावे लागतात, हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की जे उरले आहेत त्यांचे पाडण्याआधी नीट मोजमाप घेऊन ठेवावे, आणि जिथे नव्या कामाला अडथळा होत नाही अशा ठिकाणी निदान एक पूल, त्याच्या नाल्यावर, आहे तसा राहू द्यावा.

मी नागपुरात तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवीत होतो. आता निवृत्त आहे. माझे गाव कुही तालुक्यात, लाईनला लागून. आमच्या शिवारातल्या नाल्यावर तीन गाळ्यांचा पूल होता. मधे दगडी बांधणीचे दोन खांब, दोन्ही काठांना दगडी टेकू, वर पोलादी गर्डर, गर्डरवर आडवे लाकडी स्लीपर आणि त्यांवर रूळ. कठडा नव्हता. वरून चालताना स्लीपरांच्या फटीतून खालचे पाणी दिसे, आणि त्या फटी रेल्वेने केवळ पोराटोरांचे पाय अडकावेत म्हणून ठेवल्या आहेत अशी माझ्या आजीची पक्की समजूत होती. गावात त्याला वेगळे नाव नव्हते. ‘पूल’ म्हटले की तोच. उन्हाळ्यात पांदणीने येणाऱ्या बंड्या त्याच्या कोरड्या गाळ्यातून पलीकडच्या वावरात जात. पुढे वर्गात टेकू, खांब, विंगवॉल (टेकूच्या बाजूने भराव धरून ठेवणारी भिंत), बेडब्लॉक समजावून सांगताना फळ्यावर मी जो पूल काढी तो हाच असे, हे मुलांना मी कधी सांगितले नाही.

हे पूल कोणत्या परिस्थितीत बांधले गेले हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांची बांधणी उलगडत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मुंबईकडून नागपूरला १८६७ मध्ये पोहोचली. पूर्वेकडे १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर–छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवर धावू लागली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने ती घेतली, ब्रॉडगेज केली आणि १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल हा मार्ग पुरा केला. म्हणजे रुंदीकरण हा शब्द नागपूरला काही आजचा नाही. त्या मोठ्या लाईनच्या दोन्ही अंगांना जो मुलूख राहिला, एकीकडे सातपुड्याचे डोंगर आणि दुसरीकडे वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा नि जंगलाचा पट्टा, तिथे ब्रॉडगेजचा खर्च निघेल अशी वाहतूक नव्हती. पण १८९६–९७ आणि १८९९–१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी मध्य प्रांताच्या सरकारला दाखवून दिले होते की जिथे रेल्वे नाही तिथे धान्य वेळेवर पोहोचत नाही. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अडीच फुटी रुळांचे फाटे गोंदियाहून जबलपूरकडे, छिंदवाड्याकडे आणि आमच्या नागभीडकडे गेले. लोकांनी तिला ‘छोटी लाईन’ म्हटले, आणि कंपनी जाऊन सरकार आले, एका रेल्वेतून दुसरी रेल्वे निघाली, तरी बी.एन.आर., म्हणजे बंगाल–नागपूर रेल्वे, हे नाव जुन्या माणसांच्या तोंडून शेवटपर्यंत गेले नाही.

अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, दुपटीहून जास्त. या एका आकड्यातून पुलाचे सगळे अंग ठरते. रूळ जवळ आले की गर्डर जवळ येतात, गर्डर जवळ आले की खांबाची लांबी कमी होते, खांब आखूड झाला की पायाची खोदाई, दगड, चुना, मजुरी सगळे उतरते. इंजिन हलके, म्हणून गर्डरही उथळ. आमच्या पुलाचा खांब इतका आटोपशीर होता की दोन गवंडी दोन टोकांना बसून काम करता करता एकमेकांशी हळू आवाजात बोलू शकले असतील. काटकसर हे त्याच्या रचनेचे सूत्र होते. मात्र जिथे काटकसर करू नये तिथे ती केलेली नव्हती, आणि यासाठीच मला त्या न पाहिलेल्या अभियंत्यांचे कौतुक वाटते.

पहिली जागा पायाची. कुही-उमरेडकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. अशा मातीवर टेकू उभा केला तर तो दर वर्षी थोडा उचलला जाईल नि थोडा बसेल, आणि काही वर्षांत गर्डर एका कोपऱ्यावर टेकलेला दिसेल. म्हणून माती काढून खालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत जावेच लागते, मग वरचा पूल कितीही चिमुकला असो. दुसरी जागा खांबाच्या नाकाची. प्रवाहाकडचे तोंड टोकदार वा गोलाकार ठेवले की पाणी दुभंगून निघते, ओंडके आणि झुडपे अडकत नाहीत आणि खांबाच्या मुळाशी भोवरा होऊन तळ खरवडला जाण्याचे प्रमाण घटते. तिसरी जागा बेडब्लॉकची, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो त्या मोठ्या घडीव दगडाची. गर्डरचा सगळा भार चार बोटांच्या जागेत उतरतो. तो एका अखंड दगडाने झेलून खालच्या डबराच्या बांधकामात पसरवून दिला नाही तर सांधे उकलतात. खांबाचा बाकीचा दगड ओबडधोबड चालतो, हा मात्र टाकीने नीट घडवलेला असावा लागतो.

कमानीच्या मोऱ्यांची गोष्ट निराळी. कमानीत पोलाद नसते. घडीव दगड पाचरीसारखे एकमेकांना दाबून धरतात आणि भार दाबाच्या रूपाने वळत वळत टेकूत उतरतो. वरच्या भरावाचे वजन मुळातच इतके असते की त्यापुढे गाडीचा भार ही थोडीशी भर ठरते, म्हणून अनेक ठिकाणी जुन्या कमानींनी त्यांच्या काळाहून जड गाड्या बिनतक्रार पेलल्या. सांध्यांत चुना असतो. भारतात सिमेंटच्या उत्पादनाने जम धरला तो १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यापासून. त्याआधी सिमेंट बोटीने येई आणि महाग पडे, तेव्हा लहान पुलांना घाणीत मळलेला चुनाच परवडे. चुना मऊ असल्याने बांधकाम कणभर हलले तरी सांधा ते सोसून घेतो. पुढच्या काळात दुरुस्तीच्या नावाखाली अशा सांध्यांवर जे कडक सिमेंटचे दरजे भरले जातात, ते ओल आत कोंडतात आणि दगडाच्या कडा फोडतात. हे आपल्या खात्यातल्या जुन्या मिस्त्रींना माझ्याहून चांगले माहीत आहे.

आता पाण्याविषयी, कारण लहान पुलाची खरी परीक्षा गाडी घेत नाही, नाला घेतो. किती रुंद गाळे ठेवायचे हे ठरवायला त्या काळी हाताशी काय होते? कर्नल डिकन्स यांचे १८६५ चे सूत्र होते, आणि ते आजही विद्यार्थ्यांना शिकवले जाते : पाणलोट क्षेत्राचा पाऊण घात करायचा आणि त्याला एका गुणांकाने गुणायचे. मध्य भारतासाठी हा गुणांक १४ ते २८ असा धरतात. समजा नाल्याचे पाणलोट ४ चौरस किलोमीटर आहे; मग १४ धरला तर पूर निघतो सेकंदाला सुमारे ४० घनमीटर, आणि २८ धरला तर सुमारे ७९. एकाच नाल्याला एका गाळ्याचा पूल पुरेल की दोन गाळे हवेत, एवढा हा फरक आहे. तो सूत्राने मिटत नाही. तो मिटवायला जमिनीचा उतार, माती, झाडोरा पाहावा लागतो आणि काठच्या गावात जाऊन विचारावे लागते की पाणी कुठल्या धुऱ्यापर्यंत चढले होते, कोणाची गुरे वाहून गेली होती. पुलाच्या गाळ्यांची रुंदी म्हणजे त्या चौकशीचे दगडात लिहून ठेवलेले उत्तर होय.

नाल्याला हलके लेखू नये हे नागपूरला कोणी वेगळे सांगायला नको. या भागातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास करणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांचे नाव आपल्या शहरातल्या महाविद्यालयाला आहे, ते १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून नाग नदीने भर शहरात काय केले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

रेल्वेच्या पुलावर क्रमांक असतो, प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो, आणि खांबावर महत्तम पुराच्या पातळीची रेघ वर्षासह रंगवलेली असते. पावसाळ्यात गस्तवाला रात्री कंदील, आणि अलीकडे विजेरी, घेऊन त्या रेघांकडे पाहत चाले. पाणी धोक्याच्या खुणेपर्यंत आले की गाडी थांबवी. आमच्या नाल्यावर त्याच्याखेरीज दुसरा कोणी पूर मोजणारा नव्हता. १९०८ ते २०१९ ही १११ वर्षे होतात. मोठ्या नद्यांवर सरकारी मोजणी केंद्रे आहेत, पण वैनगंगेला मिळणाऱ्या आम नदीसारख्या नद्यांच्या, आणि त्यांनाही मिळणाऱ्या निनावी नाल्यांच्या पुराची एवढ्या दीर्घ काळाची साक्ष देणारे या पुलांखेरीज फारसे काही नाही. रंगाची रेघ, तिच्या बाजूचे वर्ष, खांबाच्या मुळाशी नंतर घातलेली फरसबंदी, एखाद्या टेकूला मागाहून जोडलेली विंगवॉल, एखादा वाढवलेला गाळा : हे सगळे म्हणजे ‘इथे आमचा अंदाज चुकला होता’ अशी प्रामाणिक टिपणे आहेत. जेसीबीने ती दोन तासांत नाहीशी होतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे, तो मीच मांडतो. पूल टिकला म्हणजे त्याचा जलमार्ग पुरेसा होता असे सिद्ध होत नाही. पाणी दुसरीकडून भराव ओलांडून गेले असेल, वरच्या अंगाला शेते तुंबून राहिली असतील. शिवाय पाणलोटही तेच राहिलेले नाही. शेततळी झाली, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले, उमरेडकडे कोळशाच्या खाणींनी जमिनीची ठेवणच पालटली. हे खरे आहे, आणि म्हणूनच केवळ पुलाची लांबीरुंदी लिहून भागणार नाही. पुलांची जुनी नोंदवही, गस्तीच्या नोंदी, मूळ नकाशे, आणि काठच्या गावांतल्या ऐंशीच्या घरातल्या माणसांचे सांगणे हे सगळे एका पुलाच्या नावे एकत्र यायला हवे. आज नव्या पुलाचा पूर काढताना लोअर गोदावरी उपविभागाचे, म्हणजे आपला भाग ज्यात मोडतो त्या जलशास्त्रीय उपविभागाचे, पूर-अंदाजाचे अहवाल आणि ५० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब वापरतात. त्या हिशेबाशेजारी जुन्या पुलाची साक्ष ठेवून पाहिली तर नव्या पुलाचेच भले आहे.

नवे पूल जुन्यांवर उभारता येत नाहीत हे मी मान्य करतो. आज ब्रॉडगेजचे पूल २५ टन ॲक्सल लोडसाठी, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर येणाऱ्या तेवढ्या भारासाठी, आखले जातात. तो भार अडीच फुटी लाईनच्या आखूड खांबावर टाकण्याचा प्रश्नच नाही. लहान नाल्यांवर आता काँक्रीटच्या चौकटी, ज्यांना आपण बॉक्स म्हणतो, बसवल्या जातात. त्या चांगल्या आहेत, लवकर होतात, त्यांच्यावरून गिट्टी अखंड जाते. रेल्वेच्या व्याख्येत ज्या पुलाचा कोणताही गाळा १२ मीटरचा नाही आणि एकूण जलमार्ग १८ मीटरच्या आत आहे तो ‘मायनर’. वर्गीकरण म्हणून ते ठीकच आहे. पण मायनर म्हटल्याने नोंदीतही तो मायनरच राहतो, आणि छायाचित्रे निघतात ती फक्त मोठ्या नदीवरच्या पुलाची.

पोलादाविषयी थोडे विषयांतर करतो. जुन्या गर्डरच्या अंगावर पुष्कळदा बनवणाऱ्याचे नाव ओतीव-लाटीव अक्षरांत उठलेले असते. देशभर जुन्या पुलांवर आणि इमारतींत इंग्लंडमधल्या डॉर्मन लाँगचे नाव आढळते, नंतरच्या काळात टाटांचे. टाटांच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले १९१२ मध्ये, आणि तो कारखाना वसला बंगाल–नागपूर रेल्वेच्याच कालीमाटी स्थानकाजवळ, ज्याचे पुढे टाटानगर झाले. त्याच जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. तेव्हा आमच्या लाईनवरच्या एखाद्या गर्डरवर कोणते नाव आहे यावरून तो मूळचा की मागाहून बदललेला, हे कळू शकते. दगडाचेही तसेच. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेला कामठीचा वालुकाश्म, पुढे भिवापूर-नागभीडकडे आणखी जुने, कठीण खडक. कोणत्या पुलाला कोणता दगड लागला हे पाहिले की खाण जवळची होती की दगड गाडीने आणला, याचा अंदाज बांधता येतो. भंगाराच्या लिलावात हे गर्डर वजनावर जातात आणि दगड भरावात जातो. निदान त्याआधी अक्षरे टिपून घ्यावीत.

आपल्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. २००२ मध्ये ते सुरू झाले तेव्हापासून मी कितीदा तरी विद्यार्थ्यांना आणि नंतर नातवंडांना घेऊन गेलो आहे. इंजिने, डबे, सिग्नल जपण्याची बुद्धी नागपूरला वेळेवर झाली, याचा मला अभिमान आहे. परंतु इंजिन शेडमधून काढून बागेत ठेवले तरी ते इंजिन राहते. पुलाचे तसे नाही. नाल्यावरून उचलून बागेत ठेवलेला पूल म्हणजे चौथऱ्यावर ठेवलेला गर्डर. त्याचे गाळे किती का, खांबाचे नाक कोणीकडे का, हे तिथे कोणालाच कळणार नाही.

म्हणून जागेवर राखायचा पूल निवडताना माझी सूचना अशी आहे की तो शक्यतो कमानीचा असावा. त्यात चोरून नेण्यासारखे काही नसते आणि रंगरंगोटीचा खर्चही नसतो. नवी लाईन जिथे वळण सरळ करण्यासाठी जुन्या भरावापासून बाजूला सरकली असेल तिथला पूल पाहावा. नव्या पुलाच्या अगदी वरच्या अंगाला जुना पूल राहिला तर त्यात काडीकचरा अडकून पाणी तुंबण्याची भीती असते, म्हणून तशी जागा टाळावी. खालच्या अंगाला पुरेशा अंतरावर असेल तर चालेल. पांदणीवरचा पूल असेल तर शेतकऱ्यांना वरून बंडी आणि ट्रॅक्टर नेता येईल का, हे तपासून ग्रामपंचायतीशी बोलता येईल. वापरातल्या वास्तूची देखभाल आपोआप होते. उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला एखादी जुनी मोरी राहू दिली तर रानडुकरे, नीलगाई तिचा काय उपयोग करतात तेही वनखात्याला बघता येईल. गर्डरच्या पुलांपैकी एका गाळ्याचे गर्डर, त्यांचे बेडब्लॉक आणि स्लीपर, ते गर्डरला धरून ठेवणाऱ्या हुक बोल्टांसकट, मोतीबागेत न्यावेत. वर मी त्यावर टीका केली आहे खरी, पण भंगारापेक्षा चौथरा बरा.

मोजणीच्या कामाला फार पैसा लागत नाही. टेप, लेव्हल, स्टाफ, पट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे, आणि प्रत्येक पुलामागे चार विद्यार्थ्यांचा एक दिवस. नागपुरात स्थापत्य शिकवणाऱ्या संस्थांची कमतरता नाही आणि मुलांना सर्वेक्षणाच्या सरावासाठी दर वर्षी नाहीतरी कुठल्या तरी मैदानात नेलेच जाते. लागेल ती लाईनवर जाण्याची लेखी परवानगी, सोबत खात्याचा एक जाणता माणूस, आणि जुन्या नकाशांची व नोंदवहीची प्रत. निवृत्त ब्रिज इन्स्पेक्टर, मेट (रुळांवरच्या मजूर-टोळीचे मुकादम) आणि चावीवाले (रोज रूळ तपासत चालणारे) यांच्यापैकी जे अजून नागपुरात आणि उमरेडला राहतात, त्यांना बोलावले तर ते येतील अशी माझी खात्री आहे; त्यांना कोणता पूल कोणत्या साली बुडाला होता हे वहीशिवाय सांगता येते.

काम मात्र नाले कोरडे असताना व्हायला हवे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत खांबाच्या मुळापर्यंत उतरता येते, फरसबंदी दिसते, पुराची रेघ वाचता येते. मृगाचा पाऊस पडला की चार महिने काही करता येत नाही, आणि तोवर यंत्रे पुढच्या पुलापर्यंत पोहोचलेली असतात. परवानगीचे पत्र फेब्रुवारीच्या आत मिळाले तर कुही ते उमरेड या टप्प्यातल्या पुलांची यादी करून मोजणीचे वेळापत्रक मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त अधिव्याख्याता, स्थापत्य अभियांत्रिकी
नागपूर